वाचकांचे प्रश्न : लिनक्समधली ‘शिफारस’ घ्यावी की नाकारावी?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय वेगवेगळ्या रूपांत आला आहे. एक पॅकेज (बसवण्यासाठी बांधून ठेवलेला प्रोग्रॅम) मागवलं की सोबत आणखी दहा-वीस येतात. त्यांतली कोणती नाकारता येतात, आणि नाकारल्यावर नेमकं काय बंद पडतं? उत्तरांतल्या आज्ञा नागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या. स्पेस, आडव्या रेघा आणि विरामचिन्हं मात्र जशीच्या तशी ठेवायची. अक्षर मोठं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे आणि प्रत्येक यंत्रात ३२ जीबीची एसएसडी आहे. मुलांना पायथन शिकवण्यासाठी ‘पायथन३-पिप’ टाकायला गेलो, तर जीसीसी, जी++, मेक असं बरंच काही येऊ लागलं. पिपला कंपायलर कशाला लागतो? हे टाळता येईल का? – शिक्षक, वाई

पिप हे पायथनची पॅकेजं आणणारं साधन, आणि कंपायलर म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणारं. पिप चालायला कंपायलर लागत नाही. पण पिपने आणलेलं एखादं पॅकेज तयार बांधणीत मिळालं नाही, तर ते यंत्रावरच बांधावं लागतं आणि तेव्हा कंपायलर लागतो. म्हणून डेबियनच्या पॅकेजकर्त्यांनी पायथन३-पिपच्या नोंदीत ‘बिल्ड-इसेन्शियल’ आणि ‘पायथन३-डेव्ह’ ही पॅकेजं शिफारस म्हणून लिहिली आहेत.

डेबियनच्या पॅकेजमधली नाती तीन पायऱ्यांत समजून घ्या. ‘डिपेन्ड्स’ म्हणजे त्याशिवाय पॅकेज बसणारच नाही. ‘रेकमेन्ड्स’ म्हणजे शिफारस : काही वेगळ्या मांडण्या सोडल्या तर हे सोबत असायलाच हवं, असं पॅकेजकर्त्याचं मत. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर उपयोग होईल, नसलं तरी काही अडणार नाही. लग्नपत्रिकेत जसं एकाला ‘अगत्याने यावे’ लिहितात आणि दुसऱ्याला ‘जमल्यास या’ म्हणतात, तसा शेवटच्या दोघांतला फरक आहे. डेबियन ५ पासून, म्हणजे २००९ पासून, ॲप्ट (डेबियनमधलं पॅकेजं बसवणारं साधन) शिफारशी आपणहून बसवतं. सुचवण्या फक्त नावानिशी दाखवून सोडून देतं.

घोळ होतो तो पडद्यावरच्या यादीमुळे. ‘ही जादा पॅकेजं बसवली जातील’ या मथळ्याखाली सक्तीची आणि शिफारशीची नावं एकत्रच छापलेली असतात, त्यामुळे कोणतं कुठल्या जातीचं ते कळत नाही. ती वेगळी करायची सोपी रीत अशी. आधी नुसता सराव करा :

ॲप्ट-गेट -एस --नो-इन्स्टॉल-रेकमेन्ड्स इन्स्टॉल पायथन३-पिप

‘-एस’मुळे (छोटा एस) डिस्कवर काहीच बदलत नाही, सुडोचीही (प्रशासकाच्या हक्काने आज्ञा चालवण्याची) गरज नाही. या सरावात ‘शिफारस केलेली पॅकेजं’ असा एक स्वतंत्र मथळा येतो. त्याखाली असतात ती तुम्ही नाकारत असलेली सगळी नावं. ही यादी शांतपणे वाचा. त्यात ओळखीचं आणि हवंसं काही दिसलं, तर ते नाव त्याच आज्ञेत शेवटी जोडा आणि मग ‘-एस’ काढून सुडोसह आज्ञा खरोखर चालवा.

तुमच्या कक्षासाठी मात्र याहून चांगला रस्ता आहे. डेबियन १२ मध्ये पिपला संपूर्ण यंत्रासाठी पॅकेज बसवायला मनाई आहे. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ अशी चूक दाखवून ते थांबतं. त्यामुळे ‘पायथन३-व्हेन्व्ह’ टाका. त्यातून बनवलेल्या प्रत्येक वेगळ्या वातावरणात पिप आपोआप असतं आणि कंपायलर येत नाही. नमपायसारखी नेहमीची पॅकेजं तर सरळ ॲप्टनेच ‘पायथन३-नमपाय’ या नावाने घ्या. ती तयार बांधलेली असतात. कंपायलर नसलेल्या यंत्रावर पुढे कधी पिप ‘जीसीसी सापडलं नाही’ किंवा ‘पायथन.एच फाइल नाही’ असं म्हणालं, तर काय नाकारलं होतं ते लगेच लक्षात येईल. पहिल्या चुकीला बिल्ड-इसेन्शियल, दुसरीला पायथन३-डेव्ह.

जागा वाचावी म्हणून एका ओळखीच्याच्या सल्ल्याने शिफारशी कायमच्या बंद केल्या. नंतर नव्या यंत्रावर कप्स (छपाई सांभाळणारी व्यवस्था) टाकलं, तर दुकानातला वायफाय प्रिंटर यादीत दिसतच नाही. जुन्या यंत्रावर दिसतो. – छपाई व्यावसायिक, सांगली

प्रिंटर ठीक आहे. त्याला हाक मारणारा नाही. नेटवर्कवरचे आजचे प्रिंटर स्वतःची जाहिरात एमडीएनएस या पद्धतीने करतात आणि ती ऐकण्याचं काम ‘अवाही-डीमन’ करतो. कप्सची पॅकेजं अवाहीची शिफारस करतात, सक्ती नाही. कारण यूएसबीच्या तारेवरच्या प्रत्येक प्रिंटरला तो लागतोच असं नाही. अवाही पुढे ‘लिबएनएसएस-एमडीएनएस’ची शिफारस करतो. ‘.लोकल’ने संपणारं नाव पत्त्यात बदलण्याचं काम त्याचं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण बहुतेक जण इथेच फसतात. शिफारशी बंद केल्या की त्या फक्त तुम्ही नाव घेतलेल्या पॅकेजच्या बंद होत नाहीत. त्या पॅकेजसोबत येणाऱ्या प्रत्येकाच्या शिफारशीही गळतात. म्हणून कोणी नुसतं ‘अवाही-डीमन’ हाताने टाकलं, तरी नाव सोडवणारा भाग येत नाही. मग प्रिंटर यादीत दिसतो, पण छपाई पाठवली की ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून अडकते. दोन्ही एकदम टाका, आणि सापडलेले प्रिंटर कप्सच्या यादीत आणणारं कप्स-ब्राउज्डही :

सुडो ॲप्ट इन्स्टॉल अवाही-डीमन लिबएनएसएस-एमडीएनएस कप्स-ब्राउज्ड

मग ‘एलपीस्टॅट -ई’ चालवा (छोटा ई). सापडलेल्या प्रिंटरांची नावं येतील. नाव आलं नाही तर ‘/इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’ उघडून ‘होस्ट्स’च्या ओळीत ‘एमडीएनएस४_मिनिमल’ हा शब्द आहे का पाहा. लिबएनएसएस-एमडीएनएस बसताना तो स्वतः घालतं. तो असूनही प्रिंटर दिसत नसेल, तर फायरवॉलमध्ये यूडीपीचं ५३५३ दार बंद आहे का ते तपासा. राउटरवर वायफायच्या ग्राहकांना एकमेकांपासून तोडणारी सोय चालू असेल तरीही हेच होतं.

आता मूळ कारण दूर करू. ‘ॲप्ट-कॉन्फिग डम्प’च्या छापात ‘इन्स्टॉल-रेकमेन्ड्स’ची ओळ शोधा. तिथे ‘फॉल्स’ किंवा शून्य असेल, तर ‘/इटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी/’ या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलने ते केलं आहे. ती ओळ काढून टाका. पण ओळ काढल्याने आधी गाळलेलं परत येत नाही. ॲप्टचा नियम असा, की एखादी शिफारस जुन्या आवृत्तीतही होती आणि तेव्हा ती घेतली नव्हती, तर अपग्रेडच्या वेळी ते पुन्हा विचारत नाही. तुमचा जुना नकार ते पाळतं. गाळलेलं सगळं एकदम पाहायचं असेल तर :

ॲप्ट-गेट -एस --फिक्स-पॉलिसी इन्स्टॉल

यादी लांबलचक निघेल. ती सरसकट स्वीकारू नका. नावं वाचा आणि हवी तेवढी वेगळ्या आज्ञेने बसवा. रोजच्या कामाच्या डेस्कटॉपवर शिफारशी कायमच्या बंद करणं आम्हाला चुकीचं वाटतं. वाचलेली जागा थोडी असते. उलट काय हरवलं हे कुठेही लिहून राहत नाही आणि बिघाड महिन्यांनी, भलत्याच ठिकाणी वर येतो.

डॉकरसाठी (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) डेबियनवर आधारलेली प्रतिमा, म्हणजे त्या डब्याचा साचा, बनवतो. प्रतिमा लहान राहावी म्हणून गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) --नो-इन्स्टॉल-रेकमेन्ड्स लावून टाकलं. आता ‘सर्व्हर सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन फेल्ड, सीएफाइल नन’ येतं. – सॉफ्टवेअर अभियंता, कराड

कंटेनरमध्ये शिफारशी गाळणं योग्यच आहे, तुम्ही ते बदलू नका. गिटच्या शिफारशींत ‘सीए-सर्टिफिकेट्स’, ‘लेस’, ‘पॅच’ आणि एसएसएच ग्राहक येतात. सर्टिफिकेटं नसली तर एचटीटीपीएसवरून क्लोन होत नाही. एसएसएच नसलं तर ‘कॅनॉट रन एसएसएच’ अशी वेगळी चूक येते. म्हणून जे हवं ते नाव घेऊन मागा : गिट, सीए-सर्टिफिकेट्स आणि गरज असेल तर ओपनएसएसएच-क्लायंट. पडताळणीच बंद करण्याचा सल्ला काही जण देतील. तो घेऊ नका. तसं केलं तर वाटेत कोणी कोड बदलला तरी कळणार नाही. अपडेट, इन्स्टॉल आणि ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’ रिकामं करणं, हे तिन्ही एकाच ‘रन’ ओळीत ‘&&’ने जोडा. याद्या पुढच्या ओळीत पुसल्या तर आधीच्या थरात त्या तशाच राहतात आणि प्रतिमेचा आकार कमी होत नाही. वेबवरून फाइली उतरवणाऱ्या डब्ल्यूगेटच्या बाबतीतही हेच : त्याची सीए-सर्टिफिकेट्सची शिफारस गळते आणि एचटीटीपीएस अडतं.

आमच्याकडे इंटरनेट नीट चालत नाही. मिरजेतून पेनड्राइव्हवर डेब फाइली आणून ‘डीपीकेजी -आय’ने बसवतो. प्रोग्रॅम उघडतो, पण काही सोयी नसतात. – जतजवळच्या गावातून

डीपीकेजी हे दिलेली डेब फाइल तेवढी बसवणारं, ॲप्टच्या खालचं साधन. ते शिफारशींकडे बघतच नाही. सक्तीची पॅकेजं नसतील तर तक्रार करतं, शिफारशीची नसतील तर चकार शब्द काढत नाही. नंतर ‘ॲप्ट -एफ इन्स्टॉल’ केलं तरी तुटलेलं तेवढंच जोडलं जातं. तुम्ही हाताने बसवलेल्या पॅकेजच्या शिफारशी त्यात येत नाहीत.

फाइली आणतानाच काळजी घ्या. जिथे नेट आहे तिथे शक्यतो तुमच्याच आवृत्तीचं आणि तुमच्याच जातीच्या प्रोसेसरचं यंत्र वापरा. तिथे ‘ॲप्ट-गेट --प्रिंट-युआरआयज इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं, की लागणाऱ्या सगळ्या फाइलींचे पत्ते छापून येतात, शिफारशींसकट. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. त्या यंत्रावर जे आधीच बसलेलं असेल, ते या यादीत येणार नाही. म्हणून ही आज्ञा नव्याने बसवलेल्या, फार भर न पडलेल्या यंत्रावर चालवलेली बरी. फाइली आणल्यावर सगळ्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरमधून :

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब

सुरुवातीचे ‘./’ विसरू नका. ते नसेल तर ॲप्ट त्याला फाइल न समजता पॅकेजचं नाव समजून शोधत बसतं. शेवटी ‘_एपीटी’ या वापरकर्त्याला फाइल वाचता आली नाही, अशी एक सूचना येऊ शकते. घरच्या फोल्डरवरच्या परवानगीमुळे ती येते. बसवणं पूर्ण झालेलं असतं, घाबरू नका.

फेडोरा लिनक्सवर लिब्रेऑफिस टाकलं, मराठीचा भाषासंच ‘लँगपॅक्स-एमआर’ही टाकलं, तरी मेनू इंग्रजीतच. शेजारच्या यंत्रावर तेच केलं तर मराठी आलं. – ग्रंथपाल, इस्लामपूर

दोन्ही यंत्रांवरची ‘/इटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फ’ ही फाइल शेजारी ठेवून पाहा. बिघडलेल्या यंत्रावर ‘इन्स्टॉल_वीक_डेप्स=फॉल्स’ अशी ओळ असण्याची दाट शक्यता आहे.

फेडोराच्या आरपीएम या पॅकेज-पद्धतीत ही सैल नाती (शिफारस, सुचवणी यांसारखी) ४.१२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहेत, आणि तिथे एक सुंदर सोय आहे : उलट दिशेची शिफारस. तिचं नाव ‘सप्लिमेन्ट्स’. इथे लिब्रेऑफिस मराठीची शिफारस करत नाही. तसं केलं असतं तर जगातल्या प्रत्येक भाषेची यादी त्याला सांभाळावी लागली असती. त्याऐवजी लिब्रेऑफिसचं मराठी पॅकेजच सांगतं, की यंत्रावर लिब्रेऑफिसही असेल आणि लँगपॅक्स-एमआरही असेल, तर मला बोलवा. नवी भाषा जोडताना मूळ पॅकेजला हातही लावावा लागत नाही. मराठीसारख्या भाषांना याचा फार मोठा आधार आहे. पण वरची ओळ ‘फॉल्स’ असेल, तर शिफारशींसोबत ही उलटी बोलावणीही बंद होतात आणि सगळ्यात आधी आपली भाषा गळते.

ओळ काढा आणि ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल लिब्रेऑफिस-लँगपॅक-एमआर’ असं स्पष्ट नाव घेऊन टाका. मग लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषेच्या पानावर मराठी निवडा आणि ते बंद करून पुन्हा उघडा. ‘आरपीएम -क्यू --सप्लिमेन्ट्स लिब्रेऑफिस-लँगपॅक-एमआर’ या आज्ञेने ती अट प्रत्यक्ष वाचता येते. एखाद्याच वेळी शिफारशी नको असतील, तर फाइल न बदलता त्या आज्ञेपुरतं ‘--सेटऑप्ट=इन्स्टॉल_वीक_डेप्स=फॉल्स’ लावा. उबुंटू वापरणाऱ्या वाचकांसाठी : तिथे ‘चेक-लँग्वेज-सपोर्ट -एल एमआर’ चालवलं, की मराठीसाठी कोणती पॅकेजं राहिली आहेत त्यांची नावं येतात.

दोन डिस्कांची रेड (दोन्हींवर तीच माहिती ठेवणारी जोडी) करण्यासाठी डेबियनवर ‘एमडीॲडम’ टाकलं, तर एक्झिम हा मेल सर्व्हर का आला? काढला तर चालेल का? – विटा

चालेल, एमडीॲडम त्यासोबत जाणार नाही. शिफारशीचं पॅकेज काढल्याने मूळ पॅकेज कधीच निघत नाही. पण एक्झिम कशासाठी आला ते आधी पाहा. रेडमधली एक डिस्क मेली तरी यंत्र चालूच राहतं, रेडचा हेतूच तो. त्यामुळे कोणी सांगितलं नाही तर दुसरी डिस्क मरेपर्यंत तुम्हाला पत्ताच लागत नाही. एमडीॲडम ही बातमी मेलने पाठवतं आणि मेल पाठवणारा कोणीतरी यंत्रावर असावा लागतो.

ही शिफारस पर्यायी आहे : ठरलेला मेल सर्व्हर, किंवा ते काम करणारं कोणतंही पॅकेज. उभ्या रेघेने जोडलेल्या अशा यादीतलं एखादं आधीच असेल किंवा त्याच आज्ञेत मागितलं असेल, तर ॲप्ट पहिल्या नावाकडे जात नाही. म्हणून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एमडीॲडम एमएसएमटीपी-एमटीए’ असं टाकलं तर एक्झिम येणार नाही आणि बातमी बाहेरच्या मेल खात्यावर पाठवता येईल. नावाच्या शेवटी वजाचं चिन्ह लावून एक्झिम नाकारण्याची युक्ती काही जण वापरतात. पर्यायी शिफारशीत ती फसवी आहे, कारण ॲप्ट यादीतला दुसराच एखादा मेल सर्व्हर उचलू शकतं. पुढे ‘/इटीसी/एमडीॲडम/एमडीॲडम.कॉन्फ’मध्ये ‘मेलॲडर’समोर तुमचा पत्ता लिहा आणि ‘सुडो एमडीॲडम --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट’ चालवा. चाचणीचं पत्र हातात पडल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

आर्च लिनक्सवर थुनार (फाइली हाताळणारा प्रोग्रॅम) टाकलं. फाइल पुसली की कचरापेटीत जात नाही, फोन जोडला तर दिसत नाही. – विद्यार्थी, फलटण

आर्चचं पॅकेजं बसवणारं साधन पॅकमॅन ऐच्छिक डिपेन्डन्सी बसवत नाही, फक्त दाखवतं. तीही बसवणीच्या धावत्या ओळींत, त्यामुळे नजरेतून सुटते. ‘पॅकमॅन -क्यूआय थुनार’ (मोठा क्यू, छोटा आय) चालवा. ‘ऑप्शनल डेप्स’समोर प्रत्येक नाव आणि ते कशासाठी हे लिहिलेलं सापडेल. कारण सोबत लिहिण्याची ही पद्धत आम्हाला डेबियनपेक्षा चांगली वाटते. कचरापेटीला ‘जीव्हीएफएस’ लागतं, पेनड्राइव्ह आपोआप जोडायला ‘थुनार-व्होलमॅन’, छोट्या चित्रांसाठी ‘टम्बलर’, अँड्रॉइड फोनसाठी ‘जीव्हीएफएस-एमटीपी’.

ही टाकताना ‘सुडो पॅकमॅन -एस --ॲजडेप्स’ (मोठा एस) असं टाका. नाहीतर ती तुम्ही मुद्दाम मागितलेली पॅकेजं म्हणून नोंदली जातात आणि उद्या थुनार काढलं तरी मागे पडून राहतात. आधीच टाकली असतील तर ‘पॅकमॅन -डी --ॲजडेप्स’ने (मोठा डी) नोंद बदला. अनाथ पॅकेजं शोधताना ‘-क्यूडीटी’ (मोठा क्यू, छोटे डी व टी) कोणाला तरी ऐच्छिक म्हणून हवी असलेली पॅकेजं वगळतं. ‘-क्यूडीटीटी’ तीही दाखवतं. ही दुसरी यादी डोळे मिटून पुसायला दिली, तर आज जोडलेली कचरापेटी उद्या परत जाईल.

ॲप्टचं ऑटोरिमूव्ह (कोणाला लागत नसलेली पॅकेजं काढणारी आज्ञा) केलं तरी नको असलेली शिफारशीची पॅकेजं तशीच राहतात. – तासगाव

कारण ती कोणाची तरी शिफारस किंवा सुचवणी आहेत, आणि ॲप्ट तेवढं नातंही ती ठेवायला पुरेसं मानतं. ‘-ओ एपीटी::ऑटोरिमूव्ह::रेकमेन्ड्सइम्पॉर्टन्ट=फॉल्स’ लावून शिफारशींपुरतं हे बदलता येतं, पण आधी ‘-एस’ने सराव कराच. उबुंटूच्या डेस्कटॉपसारखी पॅकेजं आपली बरीच मोठी यादी शिफारशींतच ठेवतात. एका फटक्यात निम्मा डेस्कटॉप जायला निघालेला दिसेल. हवी ती नावं ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने राखून ठेवा. एकेक नको असलेलं पॅकेज नावाने काढणं जास्त सुरक्षित. ते कोणामुळे आलं हे ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ सांगतं.

मराठी मजकुरासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आहे, त्याचं डेब पॅकेज करायचं आहे. चित्रातून अक्षरं वाचायला टेसरॅक्ट वापरतो, पण तेवढा एकच मेनू त्यावर चालतो. डिपेन्ड्समध्ये घालू की रेकमेन्ड्समध्ये? – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

आधी कोड पाहा, मग नोंद ठरवा. टेसरॅक्ट नसताना तुमचा प्रोग्रॅम सुरूच होत नसेल, तर आज ते डिपेन्ड्स आहे, मग मेनू एक असो की दहा. पायथन असेल तर मॉड्यूल फाइलच्या माथ्यावर आयात न करता त्या मेनूच्या फंक्शनमध्ये करा. ‘इम्पोर्टएरर’ पकडा आणि वापरणाऱ्याला कोणतं पॅकेज टाकायचं ते नावासह सांगा. नुसता मेनू धूसर करून गप्प बसू नका. एवढं झालं की टेसरॅक्ट शिफारशीत हलवता येतं.

शिफारस की सुचवणी, यासाठी स्वतःला विचारा : दहा जणांनी प्रोग्रॅम घेतला तर हा मेनू किती जण उघडतील? बहुतेक जण उघडणार असतील तर रेकमेन्ड्स, एखादाच उघडणार असेल तर सजेस्ट्स. आणि ‘टेसरॅक्ट-ओसीआर’ एवढंच लिहून थांबू नका. त्यासोबत इंग्रजीची माहिती येते, मराठीची ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असते. ते राहिलं आणि प्रोग्रॅमने भाषा ठरवून दिली नसेल, तर तो चालेल आणि देवनागरीच्या जागी लॅटिन अक्षरांचा कचरा देईल. ही चूक न सापडणाऱ्या चुकांपैकी आहे.

सी किंवा सी++ असेल तर आणखी एक. जोडलेल्या लायब्ररी ‘डीपीकेजी-एसएचलिबडेप्स’ आपोआप शोधतं आणि सगळ्या डिपेन्ड्समध्ये घालतं. प्लगइनच्या फाइलीआधी ‘-डीरेकमेन्ड्स’ (पहिला डी छोटा, आर मोठा, मधे स्पेस नाही) दिलं, तर त्या लायब्ररी शिफारशीत जातात. ‘डीएलओपन’ने चालताना उघडलेली लायब्ररी मात्र त्याला दिसत नाही, ती हाताने लिहावी लागते. पॅकेज पुढे डेबियनच्या मुख्य भांडारात द्यायचं असेल, तर मुख्य भांडाराबाहेरच्या पॅकेजची शिफारसही चालत नाही, फक्त सुचवणी चालते.

पॅकेज तयार झालं की स्वच्छ, रिकाम्या क्रूटमध्ये (मूळ यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या छोट्या डेबियनमध्ये) ते दोनदा बसवून पाहा. एकदा शिफारशींसह, एकदा --नो-इन्स्टॉल-रेकमेन्ड्स लावून. दुसऱ्या वेळीही प्रोग्रॅम उघडला पाहिजे, मराठी मजकूर टंकता आणि जतन करता आला पाहिजे, आणि चित्र वाचण्याच्या मेनूवर कोणतं पॅकेज टाकायचं हे स्पष्ट मराठीत दिसलं पाहिजे.